टाचणी आणि बावीस नंबरचं दार

टाचणीला लोक टाचणी का म्हणतात, हे तिच्या कॉलरकडे बघितलं की कळतं. उजव्या बाजूला ओळीने नऊ टाचण्या खोचलेल्या, आणि दोन तोंडात. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला इतकी सवय, की एखाद्या दिवशी त्या काढून बोलली तर नवरा हातातलं काम टाकतो. आता काहीतरी खरंच गंभीर आहे, असं तो समजतो.

शाळा चौथीला सुटली. सोळाव्या वर्षी ती गणवेशाच्या कारखान्यात दोरे कापायला लागली, मग मशीनवर गेली, मग कापणीच्या टेबलावर. तिथे तिची एकतीस वर्षं गेली. तिने इतके शर्ट कापले, की त्यांत एक अख्खं गाव झाकलं असतं आणि उरल्या चिंध्यांत शेजारच्या गावाचे रुमाल झाले असते. हिशेब सगळा डोक्यात. छातीचा बारावा भाग गळ्याला, चौथा भाग अधिक दीड इंच अंगाला, पोट पुढे असेल तर समोरून वेगळं आणि मागून वेगळं. कागदावर कधी काही लिहिलं नाही, कारण लिहिणारे लोक चुकतात असं तिचं मत.

कारखाना बंद पडला तरी फोन बंद पडेनात. गावोगावचे शिंपी नेमके जेवायच्या वेळी विचारणार, "ताई, बेचाळीस छाती, बेचाळीस पोट, खांदा उतरता. काय करू?"

"आधी त्याचं जेवण कमी करा," टाचणी म्हणायची, आणि मग तोंडातला घास बाजूला सारून सगळी मापं घडाघडा सांगायची.

हे बघून सून वैतागली. सून इस्पितळातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला, बोलायला कमी आणि करायला फार. तिने चार शनिवार सासूसमोर बसून डोक्यातले सगळे हिशेब काढून घेतले आणि इंटरनेटवर एक पान केलं. पानावर आपली मापं भरायची, बटण दाबायचं, की कापणीचा कागद आखून समोर. छापा, कापा, मोकळे व्हा.

"आई, आता फोन उचलायचा नाही. पान सांगायचं."

"आणि पानाला खोकला झाला तर?"

"पानाला खोकला होत नाही."

होतो. ते पुढे कळलंच.

झालं असं, की शिवणशाळेच्या मुख्य बाईंच्या कानावर हे पान गेलं. त्यांनी वर्गातल्या चाळीस मुलींना एकदम उघडायला सांगितलं आणि पान जे गोल गोल फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. घंटा झाली, मुली डबे खाऊन आल्या, तरी फिरतंय. मुख्य बाई सरळ स्वभावाच्या. त्यांनी फोनवर सांगितलं, "तुमची पद्धत मला आवडली. येत्या गुरुवारी दहा वाजता पहिल्या वर्षाच्या तीनशे मुलींचं प्रात्यक्षिक आहे. तुमचं पान चाललं तर वर्षभर तुमच्याच पद्धतीने शिकवीन. नाही चाललं तर आमचं जुनं पुस्तक आहेच."

फोन ठेवून टाचणीने तोंडातल्या दोन्ही टाचण्या काढल्या. नवरा ताडकन उठून बसला.

आपली शाळा चौथीत सुटली, आणि आता एका शाळेत आपलं शिकवणार! हे ती कुणाला बोलली नाही. पण त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, त्यावरून नवऱ्याने काय ते ओळखलं. तो निवृत्त बसचालक. आरशात बघून मागचं ओळखायची त्याला सवय.

टाचणीने जागावाल्या कंपनीला फोन लावला. पान जिथे ठेवलेलं असतं ती जागा ही कंपनी भाड्याने देते. फोनवर जो माणूस आला त्याचं नाक बाराही महिने चोंदलेलं. घरात त्याचं नाव सर्दीवाला पडलं आणि तेच राहिलं.

"मावशी, तुमच्या पानात काही बिघाड नाही," सर्दीवाला म्हणाला. "तुम्ही शेअर्ड होस्टिंगवर आहात. यंत्र एकच, त्याच्यावर दोनशे जणांची पानं. शेजाऱ्याकडे गर्दी झाली, की तुमचं हळू होतं."

"कोण शेजारी?"

"ते नाही सांगता येत."

"अहो, म्हणजे काय? पत्ता द्या. मी जाऊन दोन शब्द बोलून येते. भांडणार नाही."

"मावशी, ते पत्त्यावर राहत नाहीत. म्हणजे राहतात, पण…" सर्दीवाल्याने नाक ओढलं, इकडेतिकडे बघितलं असावं, आणि हळूच म्हणाला, "त्या दिवशी मांजरांच्या सौंदर्यस्पर्धेचं मतदान होतं. एवढंच सांगतो."

टाचणीने फोन ठेवला आणि घरभर सांगत सुटली. चाळीस शिकत्या पोरी ताटकळल्या, कशापायी? तर कुठल्यातरी बोक्याच्या मिशा लांब की आखूड, हे ठरत होतं!

"मांजर आडवं गेलं म्हणायचं," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही मत दिलं नाहीत ना?"

नवऱ्याने आपला फोन हळूच खिशात टाकला.

संध्याकाळी सून आली. तिने चहाचा कप बाजूला ठेवला आणि विचारलं, "आई, कारखान्यात इस्त्रीची टेबलं किती होती?"

"एकच. चौदा जणींत एक. कॉलरवाली आली, की चाळीस कॉलरी दाबून होईपर्यंत बाकीच्या हात बांधून उभ्या."

"बस्स. ते शेअर्ड होस्टिंग. स्वस्त असतं, झाडलोट मालक करतो, आणि रोज दहा-वीस माणसं येणार असतील तर तेवढं पुष्कळ झालं. आता समजा, मालकाने त्याच मोठ्या खोलीत लाकडी फळ्या घातल्या आणि प्रत्येकीला आपापला कप्पा दिला. स्वतःचं इस्त्रीचं टेबल, स्वतःचं बटण, स्वतःची किल्ली. शेजारणीने चाळीस नाही, चारशे कॉलरी दाबल्या तरी तुमची इस्त्री गरमच. याला व्हीपीएस म्हणतात. मोठं यंत्र तेच, पण तुमच्या वाट्याचं तुमचंच."

"मग अख्खी खोलीच घेऊ या ना. फळ्या कशाला?"

"अख्खं यंत्रही मिळतं. पण एका शर्टासाठी गिरणी विकत घ्यायची का?"

"बरं. मग कप्पा घेऊ. यात विचार कसला करतेस?"

सून विचारच करत होती. तिने तीन बोटं वर केली. "एक. एकदम पुष्कळ माणसं येणार का? येणार. दोन. आपल्याला आत असं काही मांडायचंय का, जे शेअर्डवाला मांडू देत नाही? मांडायचंय. कागद आखणारा प्रोग्राम मला नीट बसवायचाय, तिथे ते बसवू देत नाहीत. तीन." इथे ती थांबली. "झाडलोट कोण करणार? कप्पा आपला म्हटला की केरही आपला. अपडेट आपण करायचे, नक्कल आपण काढून ठेवायची, कडी-कुलूप आपलं. मला फक्त शनिवार मिळतो."

"रोजचं मी बघीन."

"आई…"

"एकतीस वर्षं टेबल सांभाळलंय मी. हे तर दिसतही नाही. न दिसणाऱ्याला कितीसा केर होणार?"

"घर पाहावं बांधून म्हणतात," नवरा मध्येच म्हणाला.

"तुम्हाला बांधायला कोण सांगतंय? तुम्ही बघा."

असा व्हीपीएस घरात आला. म्हणजे आला कुठेच नाही. तो कुठल्या दूरच्या गावी मोठ्या थंड खोलीत बसलेला, आणि टाचणी इथे खिडकीशी, मशीनशेजारी लॅपटॉप मांडून त्याला आज्ञा सोडणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे उंटही दिसत नव्हता आणि शेळ्याही. सुनेने एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून दिलं. आत कसं जायचं, काय बघायचं, यंत्रात ये-जा करायला नंबर टाकलेली दारं असतात, म्हणजे पोर्ट, त्यातलं एखादं उघडायचं तर कुठली ओळ लिहायची, बंद करायचं तर कुठली. टाचणी इंग्रजी अक्षरं वाचण्यापेक्षा नक्षीसारखी उतरवायची, पण उतरवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. नवं पान मंगळवारी सुरू झालं आणि असं झटकन उघडायला लागलं, की बटणावर बोट ठेवायच्या आधी कागद समोर.

बुधवारी दुपारी सून कामावर होती. टाचणी नेमाने नोंदी वाचायला बसली. कोण आलं, कोण गेलं, सगळं तिथे आपोआप लिहिलं जातं. वाचता वाचता तिने दोन्ही टाचण्या काढल्या.

"अहो! इकडे या. कुणीतरी आपलं दार वाजवतंय."

नवरा दाराकडे निघाला.

"ते नव्हे! यंत्राचं. बावीस नंबरचं. हे बघा, कालपासून चार हजार वेळा. ओळख ना पाळख, आणि खुशाल किल्ल्या लावून बघतायत मेले!"

नवऱ्याने चष्मा चढवला. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. "एवढ्या जणांना शर्ट शिवायचेत?"

"चोर आहेत. उद्या माझ्या तीनशे पोरी यायच्या, आणि आज हे उंबऱ्यावर."

आता कापणीच्या टेबलावरच्या बाईला एक खोड असते. उघडी शिवण दिसली, की तिला चैन पडत नाही. शिवण उसवलेली असो की मुद्दाम सोडलेली असो, हात आपोआप सुईकडे जातो. टाचणीने सुनेचा कागद समोर घेतला. उघडी दारं तीन. ऐंशी, चारशे त्रेचाळीस, आणि हे मेलं बावीस. बंद करायची ओळ कागदावर होतीच. तिने ती तीनदा उतरवली, तीन नंबर घालून, एकेक दार घट्ट लावलं आणि लॅपटॉप मिटला.

"घ्या. आता मुंगी शिरणार नाही."

ती चहा टाकायला उठली. नवरा आपला फोन काढून पान उघडायला बसला. थोडा वेळ गेला.

"अगं, मुंगी तर नाहीच," तो म्हणाला, "मीही शिरत नाहीये."

"तुम्ही फोन उलटा धरलाय."

फोन सुलट होता. पान उघडत नव्हतं. टाचणीने लॅपटॉप उघडून आत जायला बघितलं, तर तीही बाहेर. कपाळावर हात मारून ती मटकन बसली. चोरांचं ते बावीस नंबरचं दार आपलंही होतं. आत जायला आपल्यालाही तेवढं एकच. आणि उरलेली दोन पोरींच्या येण्याजाण्याची. शर्टाच्या बाह्या शिवल्या, घेर शिवला, आणि वर गळाही शिवून टाकला. घाला आता कुणी घालायचा तो.

सुनेचा फोन लागेना. इस्पितळाच्या त्या खोलीत फोन बाहेर ठेवून जातात. टाचणीने सर्दीवाल्याला गाठलं.

"मावशी, यंत्र चालू आहे," तो म्हणाला. "वीज आहे, थंडावा आहे, तार आहे. आतलं आम्ही बघत नाही. व्हीपीएस तुमचा."

"अहो, मी बाहेर अडकलेय!"

"कडी आतून कुणी लावली?"

"बाहेरून लावली. म्हणजे आतून. म्हणजे मीच लावली हो, पण चोरांसाठी!"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. हसू दाबलेला माणूसही तसंच नाक ओढतो, ही गोष्ट वेगळी. "घाबरू नका. रोज कुणीतरी लावतंच. आमच्या कंपनीच्या पानावर तुमच्या खात्यात जा. तिथे कन्सोल म्हणून बटण आहे. ती मागची खिडकी समजा. दारं लावलेली असली तरी तिथून यंत्रासमोर बसल्यासारखं आत जाता येतं. पण पासवर्ड लागेल."

खिडकी सापडली. काळा चौकोन उघडला आणि त्याने पासवर्ड मागितला. टाचणी एकेक बटण दाबू लागली.

"उमटत नाहीये काही! बटणं मेली."

"उमटत नाहीच, मावशी. बाजूचं कुणी वाचू नये म्हणून."

"बाजूला माझा नवराच आहे."

"तरीही."

न दिसणारं लिहायचं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवण्यासारखं. तिने पुटपुटत पुटपुटत लिहायला घेतलं, "छाती छत्तीस, कंबर तीस, बाही चोवीस…"

"कंबर तीस?" नवरा म्हणाला. "कुणाची?"

"तुमची. लग्नाच्या कोटाची."

नवऱ्याने खाली बघितलं. मधल्या भागात बरंच काही आडवं येत होतं. "तीस होती?"

"तीसच. म्हणून तर हा पासवर्ड कुणाला ओळखता येणार नाही. बोलू नका, चुकेल." चुकलाच. दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्यांदा तिने नवऱ्याला दुसऱ्या खोलीत पाठवलं, डोळे मिटले, आणि तो कोट टेबलावर पसरलाय असं समजून बोटं चालवली. खिडकी उघडली.

आत गेल्यावर तिने बाह्या सरसावल्या. सुनेच्या कागदावरून उघडायची ओळ उतरवली. ऐंशी. चारशे त्रेचाळीस. बावीस. दुसऱ्या खोलीतून नवरा ओरडला, "आलो गं आत! पान उघडलं!" तोपर्यंत सर्दीवाला फोनवरच होता. तो म्हणाला, "मावशी, एक सांगू? दार वाजवणारे वाजवणारच. सगळ्यांचंच वाजवतात. कुलूप चांगलं लावा, आणि कान बंद ठेवा."

संध्याकाळी सून आली. सासू शिवणात डोकं घालून बसली. सासरे छताकडे बघत बसले. सुनेने लॅपटॉप उघडून नोंदी चाळल्या आणि शांतपणे म्हणाली, "आई, आज दुपारी तासभर सगळ्या जगात कुणालाच कपडे शिवायचे नव्हते का?"

"झोपले असतील."

"सगळे?"

"कंबर तीस होती म्हणे माझी," सासरे म्हणाले, आणि मग सगळंच बाहेर आलं.

सून हसली, पण ओरडली नाही. तिने त्याच बैठकीत बावीस नंबरच्या दाराला पासवर्डाऐवजी किल्लीची फाइल लावली. ही फाइल फक्त या घरच्या लॅपटॉपात, ज्याच्याकडे ती नाही त्याने जन्मभर कडी वाजवत बसावं. वर, जो वारंवार चुकेल त्याला तासभर उंबऱ्यापासूनच हाकलायचं, अशी सोय केली. मग सगळ्याची एक नक्कल काढून ठेवली. टाचणी शेजारी बसून बघत राहिली आणि सुनेच्या कागदावर आपल्या हाताने एक ओळ वाढवली: बावीस लावायचं नाही.

गुरुवार. दहाला पाच कमी. सून कामावर गेलेली. यंत्राचं डोकं शंभरपैकी किती चाललंय ते दाखवणारी रेघ टाचणीसमोर आडवी पडलेली, झोपल्यासारखी. दहा वाजले आणि रेघेने उडी मारली. तीस. पन्नास. सत्तर.

"चढ आहे," नवरा म्हणाला. "गिअर बदल."

"हिला गिअर नसतो."

"सगळ्याला असतो."

ऐंशी. नव्वद. रेघ त्र्याण्णववर जाऊन टेकली आणि तिथेच कापत राहिली. टाचणीने कॉलरवरची एकेक टाचणी काढून टेबलावर मांडायला सुरुवात केली. नवऱ्याने मोजल्या, पण विनोद केला नाही. तिला माहीत होतं, यंत्र थकलं तर सून मोठं करू शकते, पण त्यासाठी ते बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. आणि आता बंद करायचं म्हणजे अंगावर घातलेला शर्ट चौकात उतरवून रुंद करायला बसायचं. करण्यासारखं काहीच नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसायचं, एवढंच. आणि हे काम तिला सगळ्यांत कमी येतं.

दहा वाजून सतरा मिनिटांनी रेघ त्र्याण्णववरून ऐंशीवर आली. मग साठवर. मग एकदम खाली बसली. टाचणीला वाटलं, मेलं. तेवढ्यात फोन वाजला.

"झालं बरं का," मुख्य बाई म्हणाल्या. "तीनशे कागद निघाले. शेवटी शेवटी जरा थांबावं लागलं, पण एकीचंही अडलं नाही. पोरी कापायलाही बसल्या. आता अभ्यासक्रमात तुमची पद्धत घालते. खाली तुमची माहिती छापायचीय. शिक्षण काय लिहू?"

टाचणीने नवऱ्याकडे बघितलं. नवरा शेजारून हातवारे करत होता, जास्त सांग, जास्त सांग, कोण बघायला येतंय.

"चौथी," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरांत छापा. पोरींना दिसू दे."

फोन ठेवून तिने टेबलावरच्या टाचण्या परत कॉलरला लावल्या. त्या दिवसापासून नवऱ्याच्या डोक्यात मात्र वारं शिरलं. आयुष्यभर चालवलेल्या बसगाड्यांचे फोटो त्याच्याकडे होते, एकूण एकवीस. त्यांचं पान करायचं, आणि तेही व्हीपीएसवर, असा त्याने हट्ट धरला. आपल्यालाही किल्ली पाहिजे, मागची खिडकी पाहिजे.

"तुमच्याकडे एकदम किती माणसं येणार?" टाचणीने एक बोट वर केलं.

"एकदम? बघू. कळेल हळूहळू."

"आत काही खास मांडायचंय?"

"फोटो."

"झाडलोट कोण करणार?"

नवऱ्याने तिच्याकडे आशेने बघितलं. तिने तिन्ही बोटं मिटली आणि सुनेला सांगितलं, यांना शेअर्डवर टाक, सगळ्यांत स्वस्त. मालक केर काढतो, यांनी नुसतं मिरवावं.

पहिल्या आठवड्यात त्याच्या पानावर चौदा वेळा कुणी ना कुणी येऊन गेलं. त्यातल्या अकरा वेळा तो स्वतः, एकदा सून. राहिलेले दोघं कोण, हे अजून कळलेलं नाही. रोज सकाळी दाढी करून, केस विंचरून तो फोन उघडून बसतो, ते आज पुन्हा येतात का बघायला.